बरोबरीच्या वाट्याचे धातू

इरिडियम हा धातू जगभरात मिळून वर्षाकाठी सात-आठ टन निघतो. त्याची स्वतंत्र खाण नसते. प्लॅटिनमच्या खनिजातून, त्याच्या मागोमाग तो हाती लागतो, आणि त्यातला बहुतेक दक्षिण आफ्रिकेतून येतो. पाण्यातून हायड्रोजन वेगळा करणारे जे इलेक्ट्रोलायझर प्रोटॉन वाहून नेणाऱ्या पडद्यावर चालतात, त्यांच्या धनाग्रावर टिकून काम करणारा भरवशाचा उत्प्रेरक आजमितीला याच इरिडियमपासून बनतो. अल्कलीत चालणाऱ्या इलेक्ट्रोलायझरांचे निकेलवर भागते. पण सौर आणि पवन विजेचे चढउतार झेलण्यात पडद्याचे यंत्र जास्त चपळ असते, म्हणून त्याची मागणी वाढते आहे.

केंद्र सरकारने जानेवारी २०२३ मध्ये १९,७४४ कोटी रुपयांच्या राष्ट्रीय हरित हायड्रोजन मिशनला मंजुरी दिली. २०३० पर्यंत वर्षाला ५० लाख टन हरित हायड्रोजन हे त्याचे उद्दिष्ट. त्याच वर्षी जुलैमध्ये महाराष्ट्रानेही आपले हरित हायड्रोजन धोरण जाहीर केले. एवढ्या मोठ्या बेताचा एक महत्त्वाचा धागा वर्षाला सात-आठ टन निघणाऱ्या धातूवर टांगून ठेवणे धोक्याचे आहे. म्हणून उत्प्रेरकांसाठी नवे पदार्थ शोधण्याची जी धडपड जगभर चालू आहे, तिच्यातल्या एका शाखेबद्दल हा लेख आहे. पाच किंवा अधिक धातू जवळजवळ समान प्रमाणात घेऊन बनवलेल्या मिश्रणांना उच्च-एन्ट्रॉपी मिश्रधातू म्हणतात. गेल्या काही वर्षांत या नावाचा फार गाजावाजा झाला. त्यातले काय पक्के आहे आणि कशाला अजून वेळ लागणार आहे, हे नीट वेगळे करून पाहण्याची गरज आहे.

धरायचे आणि सोडायचे

उत्प्रेरक स्वतः खर्च न होता रासायनिक क्रियेचा वेग वाढवतो, एवढे शाळेत शिकवतात. ते कसे घडते, याचे मर्म फ्रान्समधल्या तुलूझ इथे काम करणाऱ्या पॉल साबातिए यांनी ओळखले. १९१२ च्या नोबेल पारितोषिकाचे ते मानकरी. त्यांचे तत्त्व थोडक्यात असे: उत्प्रेरकाच्या पृष्ठभागाने रेणूला धरले पाहिजे, पण घट्ट नाही. पकड सैल असेल तर रेणू क्रिया होण्याआधीच निसटतो. पकड जास्त घट्ट असेल तर तयार झालेला पदार्थ तिथेच चिकटून बसतो, जागा अडवतो आणि पुढची क्रिया थांबते.

निरनिराळ्या धातूंची पकड आडव्या अक्षावर आणि क्रियेचा वेग उभ्या अक्षावर मांडला, तर आलेख मध्ये उंच आणि दोन्ही बाजूंना उतरता होतो. रसायनशास्त्रज्ञ त्याला ज्वालामुखी-आलेख म्हणतात. हायड्रोजन तयार होण्याच्या क्रियेत या आलेखाच्या शिखरापाशी प्लॅटिनम आहे. इंधनघटात, म्हणजे फ्युएल सेलमध्ये, ऑक्सिजनचे पाणी होते, तिथेही शुद्ध धातूंत प्लॅटिनमच सरस. तरीही तो नेमका शिखरावर नाही. ऑक्सिजन आणि हायड्रोजन मिळून झालेला हायड्रॉक्सिल गट तो सुमारे ०.१ इलेक्ट्रॉनव्होल्ट जास्त जोराने धरतो. हा आकडा किरकोळ वाटतो, पण उत्प्रेरणाचा वेग पकडीच्या ऊर्जेनुसार घातांकी पद्धतीने बदलतो, म्हणून या ०.१ साठी प्रयोगशाळांनी आयुष्ये वेचली आहेत.

अडचण अशी की शुद्ध धातू मोजकेच आहेत आणि प्रत्येकाची पकड निसर्गाने ठरवून दिलेली आहे. दोन धातूंमधली एखादी पकड हवी असेल तर ती शुद्ध धातूत मिळणार नाही. मिश्रधातूंची वाट इथून सुरू होते.

मुख्य धातू नसलेली मिश्रणे

माणसाने आजवर केलेल्या बहुतेक मिश्रधातूंत एक धातू मुख्य असतो आणि बाकीचे चिमूटभर. घरातल्या स्टेनलेस स्टीलमध्ये सुमारे ७० टक्के लोखंड, १८ टक्क्यांच्या आसपास क्रोमियम आणि ८ टक्क्यांच्या आसपास निकेल असते. देव्हाऱ्यातल्या पंचधातूच्या मूर्तीत नावाप्रमाणे पाच धातू असले, तरी वजनात तांब्याचाच भार मोठा. पाच धातू असणे आणि पाचांचा वाटा बरोबरीचा असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

बरोबरीचा वाटा कुणी फारसा करून पाहिला नव्हता, कारण धातुशास्त्राचा अनुभव सांगत होता की इतके धातू एकत्र वितळवले तर थंड होताना ते आपापले गट करतील आणि हातात ठिसूळ, ठिगळांचा गोळा येईल. १९८१ साली इंग्लंडच्या ससेक्स विद्यापीठात ब्रायन कँटर यांच्या मार्गदर्शनाखाली ॲलेन व्हिन्सेंट या विद्यार्थ्याने पदवीच्या प्रकल्पासाठी वीस धातू प्रत्येकी ५ टक्के घेऊन वितळवले. गोळा ठिसूळच निघाला. पण त्याच्या आत एका भागात क्रोमियम, मँगनीज, लोह, कोबाल्ट आणि निकेल हे पाच धातू एकाच साध्या स्फटिक रचनेत नांदताना दिसले. हेच पाच समान प्रमाणात घेतल्यावर एकजिनसी मिश्रधातू तयार झाला. हे काम प्रसिद्ध व्हायला २००४ उजाडले. आज तो कँटर मिश्रधातू म्हणून ओळखला जातो, आणि द्रवरूप नायट्रोजनच्या थंडीतही तो विलक्षण चिवट राहतो.

त्याच २००४ मध्ये तैवानच्या नॅशनल त्सिंग हुआ विद्यापीठातले जिएन-वेई येह यांनी स्वतंत्रपणे हीच कल्पना मांडली आणि तिला उच्च-एन्ट्रॉपी मिश्रधातू हे नाव दिले. त्यांच्या व्याख्येत किमान पाच मुख्य मूलद्रव्ये, आणि प्रत्येकाचे अणू ५ ते ३५ टक्क्यांच्या दरम्यान. या कथेत बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतले एस. रंगनाथन यांचे नाव आदराने घ्यायला हवे. या दोन शोधनिबंधांच्याही आधी, २००३ मध्ये, ‘करंट सायन्स’ या आपल्याच नियतकालिकात त्यांनी अनेक धातूंच्या कॉकटेलबद्दल लिहिले आणि या नव्या क्षेत्राकडे जगाचे लक्ष वेधले. पुढे बी. एस. मूर्ती, येह आणि रंगनाथन या तिघांनी मिळून या विषयावरचा ग्रंथही लिहिला.

सुरुवातीची दहा-बारा वर्षे सगळा भर ताकद, चिवटपणा, गंजरोधकता यांवर होता. उत्प्रेरक म्हणून या धातूंकडे पाहणे नंतर सुरू झाले.

एन्ट्रॉपी किती, कुठे

एन्ट्रॉपी म्हणजे एखादी मांडणी किती निरनिराळ्या प्रकारे होऊ शकते याचे माप. स्फटिकात अणूंच्या जागा ठरलेल्या असतात. त्या जागांवर एकाच जातीचे अणू बसवायचे तर मांडणी एकच. पाच जातींचे समान संख्येने बसवायचे तर मांडण्या अगणित. जितक्या मांडण्या जास्त तितकी मिसळण्याची एन्ट्रॉपी जास्त, आणि तापमान वाढेल तसा तिचा जोर वाढतो.

हिशेब सोपा आहे. समान वाट्याच्या मिश्रणात एका मोलमागे मिसळण्याची एन्ट्रॉपी म्हणजे वायू स्थिरांक (८.३१४) गुणिले मूलद्रव्यांच्या संख्येचा नैसर्गिक लॉगॅरिदम. दोन धातूंसाठी ती येते ५.७६, पाचांसाठी १३.३८ जूल प्रति मोल प्रति केल्विन. तिला तापमानाने गुणले की मिश्रणाला मिळणारा ऊर्जेचा फायदा कळतो. २,००० केल्विनला पाच धातूंसाठी तो सुमारे २७ किलोजूल प्रति मोल होतो. एकमेकांशी न पटणारे धातूही एकत्र आणायला इतकी ऊर्जा पुष्कळदा पुरते. खोलीच्या तापमानाला, म्हणजे ३०० केल्विनला, तोच फायदा उरतो जेमतेम ४ किलोजूल.

या दोन आकड्यांतला फरक लक्षात ठेवला तर पुढचे सगळे समजते. भट्टीत एन्ट्रॉपी समर्थ असते आणि टेबलावर ती दुबळी पडते. त्यामुळे धातू गरम असताना मिसळले, तरी ते सावकाश थंड होऊ दिले तर पुन्हा वेगळे होण्याची मुभा त्यांना मिळते. मिश्रण टिकवायचे असेल तर अणूंना हलायला वेळच द्यायचा नाही. लोहार लालभडक पाते पाण्यात बुडवून त्याला पाणी पाजतो, तेव्हा तो नेमके हेच करतो. कार्बनचे अणू बाहेर पडायच्या आतच थंड पोलादात कैद होतात. नॅनोकणांच्या बाबतीत हेच काम सेकंदाच्या लहानशा अंशात करावे लागते.

५५ मिलिसेकंदांची भट्टी

नॅनोकण का, हे आधी सांगायला हवे. उत्प्रेरणाची क्रिया पृष्ठभागावर होते, आतले अणू नुसते भार वाहतात. धातूचा ५ नॅनोमीटर व्यासाचा कण घेतला तर त्यात साधारण पाच हजार अणू असतात, आणि त्यांतले पाचवा ते चौथा हिस्सा पृष्ठभागावर. महागडा धातू वापरायचा असेल तर एवढ्या बारीक कणांखेरीज तो परवडत नाही. पण इतके बारीक कण तापवले की ते एकमेकांना चिकटून मोठे होतात. म्हणजे मिसळण्यासाठी प्रचंड उष्णता हवी आणि बारीक राहण्यासाठी ती नको, अशी कोंडी होती.

ती २०१८ मध्ये अमेरिकेतल्या मेरीलँड विद्यापीठात लिआंगबिंग हू यांच्या गटाने फोडली. योंगगांग याओ हे ‘सायन्स’ नियतकालिकातल्या त्या शोधनिबंधाचे पहिले लेखक. पद्धत डोळ्यांसमोर आणण्यासारखी आहे. कार्बनच्या अतिसूक्ष्म तंतूंची एक काळी पट्टी घ्यायची. हव्या त्या धातूंचे क्षार, बहुतेक क्लोराइड, एका द्रावणात विरघळवून ते पट्टीवर सोडायचे आणि वाळू द्यायचे. पट्टी आर्गॉन वायूत दोन विद्युतअग्रांमध्ये ताणून धरायची आणि तिच्यातून विजेचा एक जोरदार झटका सोडायचा. पट्टी पांढरीशुभ्र उजळते, तापमान २,००० केल्विनच्या आसपास, म्हणजे १,७०० अंश सेल्सियसच्या पुढे जाते, आणि ५५ मिलिसेकंदांत सगळे संपते. प्रवाह थांबताच पट्टी सेकंदाला सुमारे एक लाख केल्विन या वेगाने थंड होते.

त्या क्षणभरात क्षारांचे विघटन होऊन धातूंचे द्रव थेंब तयार होतात. हे थेंब कार्बनच्या पृष्ठभागावर सरकतात, फुटतात, पुन्हा जुळतात आणि या धावपळीत सगळे धातू घुसळून निघतात. मग अचानक गोठतात. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली प्रत्येक मूलद्रव्याचा वेगळा नकाशा काढला, तर एकाच कणाची आठ रंगांतली आठ चित्रे मिळाली. आठही चित्रांत ठिपके कणभर सारखे पसरलेले, कुठेही गठ्ठा नाही. थंड करण्याचा वेग कमी केला की मात्र धातू वेगळे होऊ लागले. प्लॅटिनम, पॅलेडियम, निकेल, कोबाल्ट, लोह, तांबे, सोने आणि कथील हे आठ धातू पाच-सहा नॅनोमीटरच्या एका कणात एकजीव होऊ शकतात, हे त्याआधी कुणी दाखवले नव्हते.

आता इतर वाटाही तयार झाल्या आहेत. जर्मनीत बोखुमच्या रूर विद्यापीठात धातूंची वाफ आयनिक द्रवावर फवारून कण करतात. जपानच्या क्योटो विद्यापीठात हिरोशी कितागावा यांचा गट गरम द्रावणात धातूंचे क्षार एकदमच घटवतो. सगळे धातू एकाच वेळी घटले पाहिजेत, एखादा पुढे गेला तर त्याचा वेगळा गाभा तयार होतो. या गटाने रुथेनियम, ऱ्होडियम, पॅलेडियम, चांदी, ऑस्मियम, इरिडियम, प्लॅटिनम आणि सोने हे आठही राजधातू एका कणात आणले. त्या कणांनी हायड्रोजन तयार करण्यात बाजारातल्या प्लॅटिनम उत्प्रेरकाच्या सुमारे दहापट सक्रियता दाखवली.

आयआयटी कानपूरची रीत मला विशेष भावते, कारण तिच्यात रसायनांचा पसारा नाही. कृशानू बिस्वास यांच्या गटाने सोने, चांदी, प्लॅटिनम, पॅलेडियम आणि तांबे समान प्रमाणात वितळवून गोळा ओतला आणि मग तो द्रवरूप नायट्रोजनने गार ठेवलेल्या चक्कीत दळला. उणे १९६ अंशांच्या त्या थंडीत कण पुन्हा एकमेकांना चिकटत नाहीत. दळता दळता धातू नॅनोमीटरच्या मापाला उतरतो. मिसळण्याचे काम आधीच भट्टीत उरकलेले असते.

३६,७५० प्रकारच्या जागा

उच्च-एन्ट्रॉपी हे नाव ऐकून असे वाटते की हे पदार्थ चांगले उत्प्रेरक आहेत ते एन्ट्रॉपीमुळे. माझ्या मते या विषयातला सगळ्यात मोठा गैरसमज हाच आहे. एन्ट्रॉपीचे काम कण तयार होईपर्यंतचे. उत्प्रेरण करते ती पृष्ठभागावरची विविधता.

कोपनहेगन विद्यापीठातले यान रोसमायझल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये ही गोष्ट हिशेबाने मांडली. त्यांनी इरिडियम, पॅलेडियम, प्लॅटिनम, ऱ्होडियम आणि रुथेनियम यांचा मिश्रधातू घेतला. पृष्ठभागावरच्या एका अणूकडे पाहा. त्याच्या भोवती त्याच थरात सहा शेजारी, आणि खालच्या थरात तीन. हायड्रॉक्सिल गट ज्या अणूवर बसतो त्याची जात तर महत्त्वाची आहेच, पण ते सहा आणि हे तीन शेजारी कोण आहेत यावरही पकड थोडी कमी-जास्त होते. मधला अणू पाचांपैकी कोणताही. सहा शेजाऱ्यांची निवड २१० प्रकारे होऊ शकते, खालच्या तिघांची ३५ प्रकारे. गुणाकार केला तर ३६,७५० वेगवेगळे परिसर होतात.

शुद्ध प्लॅटिनमच्या सपाट पृष्ठभागावर असा परिसर एकच. म्हणजे ज्वालामुखी-आलेखावर शुद्ध धातू हा एक ठिपका असतो, आणि या मिश्रधातूचा मात्र एक लांब पट्टा पसरतो. त्या पट्ट्यातल्या काही जागा शिखराच्या अगदी जवळ पडणारच. आता प्रश्न एवढाच की अशा जागांची संख्या कशी वाढवायची. ते धातूंचे प्रमाण बदलून करता येते. संगणकावर काही मोजक्या परिसरांची पकड मोजायची, उरलेल्यांचा अंदाज गणिती प्रतिमानाने बांधायचा आणि प्रमाण असे निवडायचे की पट्टा शिखराकडे सरकेल.

यात एक खोच आहे. सरासरी पकड चांगली असून भागत नाही. बहुतेक जागा निरुपयोगी आणि थोड्या अत्युत्तम असल्या तरी उत्प्रेरक उत्तम ठरू शकतो, कारण वेग घातांकी पद्धतीने वाढत असल्यामुळे थोड्या जागाच बहुतांश काम उरकतात.

बोखुमच्या गटाने २०१८ मध्ये कँटर यांच्याच पाच धातूंचे, म्हणजे एकही राजधातू नसलेले नॅनोकण ऑक्सिजनच्या क्रियेसाठी अल्कलीत तपासले. सक्रियता प्लॅटिनमच्या तोडीची निघाली. त्यांतला एकेक धातू वगळून चार-चार धातूंचे कण केले, तर ते सगळे मागे पडले. यातल्या कुठल्याही धातूची एकट्याची या क्रियेत फारशी ख्याती नाही, ही गोष्ट लक्षात घेतली म्हणजे या निकालाचे महत्त्व कळते. पुण्यात ऑगस्ट २०२२ मध्ये केपीआयटी आणि सीएसआयआर यांनी हायड्रोजनवर धावणारी जी स्वदेशी बस लोकांपुढे आणली, तशा वाहनांच्या इंधनघटात सगळ्यात मंद क्रिया हीच असते आणि प्लॅटिनमचा मोठा वाटा तिथेच खर्च होतो. अर्थात वाहनांतल्या इंधनघटाचा पडदा आम्लधर्मी असतो, आणि तिथे मँगनीज-लोह विरघळून जातात. अल्कलीतला निकाल जसाच्या तसा बसमध्ये बसवता येणार नाही.

अमोनिया: इथे हे मिश्रण खरोखर कामी येते

हायड्रोजन साठवणे आणि वाहून नेणे अवघड. अमोनिया मात्र उणे ३३ अंशांना द्रव होतो, आणि त्याच्या वजनात १७.६ टक्के हायड्रोजन असतो. म्हणून हायड्रोजनचा अमोनिया करून तो जहाजाने पाठवायचा आणि पोहोचल्यावर पुन्हा फोडायचा, असा विचार अनेक देश करत आहेत. फोडण्याच्या कामात सगळ्यात चांगला एकटा धातू रुथेनियम, आणि तोही दुर्मीळ.

साबातिए यांचे तत्त्व इथे लख्ख दिसते. मॉलिब्डेनम नायट्रोजनला घट्ट धरतो. तो अमोनिया फोडतो, पण नायट्रोजन सोडत नाही. कोबाल्ट सहज सोडतो, पण त्याची पकडच सैल. दोघांचे मिश्रण केले तर मधली पकड मिळायला हवी. पण घोडे इथेच पेंड खाते: कोबाल्ट आणि मॉलिब्डेनम हव्या त्या प्रमाणात मिसळत नाहीत. मधल्या प्रमाणांत त्यांचे वेगवेगळे गट पडतात.

२०१९ मध्ये ‘नेचर कम्युनिकेशन्स’मध्ये आलेल्या कामात या दोघांबरोबर लोह, निकेल आणि तांबे प्रत्येकी १० टक्के घेतले आणि विजेच्या झटक्याच्या रीतीने कण केले. आता कोबाल्ट-मॉलिब्डेनमचे प्रमाण मोकळेपणाने बदलता आले: एका टोकाला २५ ला ४५, दुसऱ्या टोकाला ५५ ला १५. कोणत्या तापमानाला आणि अमोनियाच्या कोणत्या दाबाला कोणते प्रमाण लागू पडते, हे ठरवता येऊ लागले. रुथेनियमच्या तुलनेत सक्रियता वीसपटींपर्यंत पोहोचली. एन्ट्रॉपीने न जुळणारी जोडी जुळवून दिली, पृष्ठभागाने काम केले, आणि कुठेही राजधातू लागला नाही. या सगळ्या विषयातले माझ्या दृष्टीने सगळ्यात पटणारे उदाहरण हे.

अमोनियाची आणखी एक क्रियाही सांगण्यासारखी आहे. ती ऊर्जेची नव्हे, खतांची आणि रसायनांची आहे. तळोजा आणि तुर्भे-चेंबूरकडच्या कारखान्यांत नायट्रिक आम्ल बनते ते अमोनिया हवेत जाळून. ही क्रिया प्लॅटिनम-ऱ्होडियमच्या बारीक जाळीवर, ८५० ते ९५० अंशांना, मिलिसेकंदभराच्या संपर्कात होते. एवढ्या उष्णतेत प्लॅटिनम ऑक्साइडच्या रूपाने उडून जाते, ते खाली दुसऱ्या जाळ्या लावून पकडावे लागते. मेरीलँडच्या गटाने प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम, रुथेनियम आणि सीरियम यांच्या कणांवर ही क्रिया ७०० अंशांना केली. जवळजवळ सगळा अमोनिया वापरला गेला आणि ९९ टक्क्यांहून अधिक नायट्रोजनची ऑक्साइडे मिळाली. त्यांनी आणखी एक नेटकी गोष्ट केली. तेच पाच धातू त्याच कार्बनवर नेहमीच्या ओल्या पद्धतीने बसवले. तिथे ते नीट मिसळले नाहीत, आणि हव्या त्या ऑक्साइडांचा हिस्सा पार घसरला. धातू तेच, कार्बन तोच, फरक फक्त मिसळण्याचा. शोधनिबंध वाचताना मी अशा तुलना आधी शोधतो.

कार्बन डायऑक्साइडचे इंधन

धुराड्यातून निघणाऱ्या कार्बन डायऑक्साइडपासून विजेच्या साहाय्याने पुन्हा इंधन बनवायचे, ही क्रिया बहुपदरी आहे. तांबे हा एकच शुद्ध धातू तिच्यात मिथेन आणि एथिलीनसारखे पदार्थ लक्षणीय प्रमाणात देतो, पण एकाच वेळी पुष्कळ पदार्थ देतो आणि विद्युतदाबही बराच लागतो. वर सांगितलेल्या कानपूरच्या पाच धातूंच्या कणांवर, आयआयटी गांधीनगर, भारतीय विज्ञान संस्था आणि इतर सहकाऱ्यांबरोबर केलेल्या प्रयोगांत, उणे ०.३ व्होल्ट इतक्या कमी विभवाला जवळजवळ सगळा प्रवाह वायुरूप पदार्थ बनवण्यात कारणी लागला. हे काम २०२० मध्ये ‘एसीएस कॅटॅलिसिस’मध्ये आले. त्यातले सोने, प्लॅटिनम, पॅलेडियम स्वस्त नाहीत, हे उघड आहे. पण अशा मिश्रणाने कार्बन डायऑक्साइडची क्रिया खरोखर घडवता येते, हे त्याने प्रयोगाने दाखवले.

धातू जितके जास्त तितके चांगले?

नाही. पंधरा मूलद्रव्यांचे कण झाले आहेत, आणि ते बनवण्यातले कौशल्य निर्विवाद आहे. पण उत्प्रेरक म्हणून संख्या हे उद्दिष्ट असू नये.

कोपनहेगनच्या गटानेच पुढे चांदी, इरिडियम, पॅलेडियम, प्लॅटिनम आणि रुथेनियम या पाच धातूंच्या सगळ्या शक्य प्रमाणांत ऑक्सिजनच्या क्रियेसाठी सर्वोत्तम कोणते, हे संगणकाला शोधायला लावले. उत्तरे आली ती चांदी-पॅलेडियम, इरिडियम-प्लॅटिनम, आणि इरिडियम-पॅलेडियम-रुथेनियम. म्हणजे दोन किंवा तीन धातूंचीच मिश्रणे. पाच धातूंचा अवकाश शोधायला उपयोगी पडला, पण शिखर त्याच्या कडेला होते. मला हा निकाल फार मोलाचा वाटतो, कारण तो आपल्याच लाडक्या कल्पनेविरुद्ध जाणारा असूनही त्या गटाने तो स्वच्छ मांडला.

शोधायचा अवकाश मात्र अवाढव्य आहे. वापरण्याजोगे ४० धातू धरले तर त्यांतून पाच निवडण्याचे ६,५८,००८ मार्ग. प्रत्येकाचा वाटा ५ ते ३५ टक्क्यांच्या मर्यादेत, ५-५ टक्क्यांच्या पायरीने बदलला, तर एकेका पंचकाची १,४५१ प्रमाणे होतात. एकूण सुमारे ९५ कोटी मिश्रणे. दिवसाला एक नमुना तपासण्याच्या जुन्या रीतीने हे होणे नाही. म्हणून एकाच चकतीवर शेकडो प्रमाणांचा पातळ थर चढवणे, रोबोने मोजणे, आणि मशीन लर्निंगने पुढचा नमुना सुचवणे ही त्रयी या क्षेत्रात नित्याची झाली आहे.

किमतीचा प्रश्नही स्पष्ट विचारला पाहिजे. आठ राजधातूंचा कण प्लॅटिनमला पर्याय होऊ शकत नाही. शिवाय ऑस्मियमचे ऑक्साइड विषारी. ते काम मूलभूत ज्ञानासाठी आहे आणि तसेच वाचावे. व्यवहारात उपयोगी ठरतील ती मिश्रणे दोन प्रकारची: राजधातू अजिबात नसलेली, किंवा राजधातूचा थोडासा अंश अनेक साध्या धातूंत पसरवून त्याच्या प्रत्येक अणूला कामाला लावणारी.

टिकणार किती

या पदार्थांबद्दल सर्रास लिहिले जाते की एन्ट्रॉपीमुळे ते टिकाऊ असतात. वरचा हिशेब पुन्हा हातात घ्या. खोलीच्या तापमानाला एन्ट्रॉपीचा आधार ४ किलोजूल प्रति मोल. धातूचा अणू दोन इलेक्ट्रॉन देऊन द्रावणात उतरतो, तेव्हा विद्युतदाबात एका व्होल्टचा फरक म्हणजे १९३ किलोजूल. त्यापुढे ४ किलोजूलचा टेकू काय पुरणार? इलेक्ट्रोलायझरच्या धनाग्रावर, आम्लात, लोह-कोबाल्ट-मँगनीज पृष्ठभागावरून विरघळणारच, आणि विरघळतात. मागे राजधातूंचे पातळ कवच उरते. अल्कलीत पृष्ठभागाचे ऑक्सिहायड्रॉक्साइड होते. म्हणजे प्रयोगाच्या आधी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलेला कण आणि तासाभराने काम करत असलेला कण एकच असतो असे नाही.

टिकाऊपणाला मदत होते ती वेगळ्या कारणाने. पाच वेगवेगळ्या आकारांचे अणू एकाच जालकात कोंबल्यामुळे जालक वाकडे-तिकडे होते आणि अणूंना जागा बदलणे अवघड जाते. त्यामुळे गरम वायूत चालणाऱ्या क्रियांमध्ये कण एकत्र होऊन मोठे होण्याचा वेग कमी राहू शकतो. अमोनियाच्या दोन्ही क्रियांत या मिश्रणांची बाजू भक्कम वाटते ती यामुळे. पाण्याच्या विघटनात, विशेषतः आम्लात, तसे म्हणता येत नाही.

म्हणून या विषयावरची पुढची बातमी वाचताना सक्रियतेच्या पटींपेक्षा तीन गोष्टी आधी पाहाव्यात. चाचणी आम्लात होती की अल्कलीत. द्रावणात किती धातू उतरला ते मोजले का. आणि चाचणी किती तास चालली. मेरीलँडची अमोनियाची चाचणी सुमारे ३० तास चालली होती, आणि संशोधनाच्या पहिल्या टप्प्यावर तेवढे रीतसरच आहे. कारखान्यात बसणाऱ्या इलेक्ट्रोलायझरकडून मात्र ६० ते ८० हजार तासांची अपेक्षा असते, आणि वर्षाचे तास होतात ८,७६०.